टायरचे चार तुकडे

अहो,

परवा तुमच्या आठव्या दिवसाच्या पुण्यानुमोदनाला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. जिल्ह्याहून आलेले एक पुढारी बोलायला उभे राहिले. तुमच्याबद्दल बोलले, मजूर सोसायटीबद्दल बोलले आणि मग मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या आपल्या जुन्या फियाटकडे हात करून म्हणाले, "त्या गाडीचं वर उचललेलं नाक बघा. चेअरमनसाहेबांनी ते जाणूनबुजून तसं ठेवलं होतं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून दिवस काढले, त्यांची गाडीसुद्धा मान वर करून चालेल, हा त्यामागचा विचार होता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्यानुमोदनात टाळ्या वाजवायच्या नसतात, हेही विसरले. मी पहिल्या रांगेत पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते. बायांना वाटलं, मी रडतेय. शेजारची तर माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. खरं सांगते, मला हसू आवरत नव्हतं. माझ्या एका चुकीचा त्या माणसानं केवढा विचार करून टाकला होता!

होय, माझ्या चुकीचा. सात वर्षं तुमच्यापासून लपवलं आणि आता तुम्ही नसताना लिहितेय. गाडीचं नाक वर गेलं ते माझ्यामुळं. तुम्ही शेवटपर्यंत छाती पुढं काढून सांगत राहिलात, "म्या मुद्दाम ठिवलंय," आणि मी मागं उभी राहून गप्प बसले. चौथीच्या पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारणारी मी.

त्या उन्हाळ्याची सगळी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तरी सांगते, कारण तुमची सांगायची पद्धत वेगळी होती. त्यात नेहमी सगळं सोपं असायचं.

गाडी आपण हौसेनं घेतली नव्हती. कामांची वाटणी उस्मानाबादेत व्हायची, सकाळी अकराच्या बैठकीत. हजर त्याला काम, गैरहजर त्याचं नाव खोडलं. आणि आपल्या ईट गावाहून निघणारी पहिली एसटी तिथं पोचवायची बाराला, तीही वाटेत रुसली नाही तर. त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही धापा टाकत जिन्यावर पोचलात तेव्हा बैठक संपून कपबशा गोळा करणं चाललं होतं. पाझर तलावाचं काम एका ठेकेदाराला गेलं. त्यानं माणसं बाहेरून आणली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जी साठ माणसं शेजारी शेजारी बसली, निम्मी आपल्या वस्तीतली आणि निम्मी गावातली कोरडवाहूवाली, त्यांनीच ही सोसायटी काढली होती. त्या आदल्या उन्हाळ्यात त्या साठांच्या हाताला काम नव्हतं. घरं बंद करून लोक बाहेर पडले. माझ्या वर्गात अकरा पोरं उरली. म्हणून मग परंड्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांची ही फियाट आली, तिच्या दुरुस्तीच्या इंग्रजी पुस्तकासकट.

आणि पुढची बैठक पंधरा दिवसांवर असताना तिनं मांडी घातली. ओढ्यातल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं, आतली स्प्रिंग मोडली. उजवीकडचा शॉकअप आधीच तेल गाळत होता. गाडी डाव्या अंगावर अशी कलली की चाक मडगार्डला घासायला लागलं.

रघू मेस्त्रीकडं तुम्ही ती तालुक्याला नेलीत. आठ दिवस ती त्याच्या दुकानासमोर लिंबाखाली उभी होती. पुढाऱ्यांच्या जिपा मागनं यायच्या आणि आधी जायच्या. आठव्या दिवशी मी शाळा सुटल्यावर तुमच्याबरोबर आले होते, म्हणून मी ते माझ्या कानांनी ऐकलं. मेस्त्री चहा पीत होता. बशी खाली न ठेवताच म्हणाला, "चेअरमन, पुढचं समदं उतरावं लागतंय. सोलापूरला न्या, न्हायतर भंगारात घाला. आन खरं बोलू का? तुमच्या लोकान्ला मोटारीचं काय काम? सायकल बरी." दुकानात पाचसहा माणसं होती. कुणी हसलं नाही, पण कुणी बोललंही नाही.

मला वाटलं, आता भांडण होणार. मी तर चप्पल सावरून तयार होते. तुम्ही सरळ गाडीत बसलात, मला बस म्हणालात आणि ती लंगडी गाडी भर बाजारातून बैलाच्या चालीनं घरी आणलीत. चाक घासून रबराचा वास येत होता. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. आणि तुम्ही ओळखीचा दिसेल त्याला हात वर करून रामराम घालत होता! ज्यांना जयभीम घालायचा त्यांना तोही घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गावाच्या शिवेवर आल्यावर तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत.

"मास्तरीण, त्या डाक्टरच्या पुस्तकात समदं लिहिलेलं असंल न्हवं?"

"इंग्रजीत आहे."

"मग तुला येतंय की."

एवढंच. नवरा इंग्रजीबद्दल बायकोवर इतका विश्वास टाकतो म्हटल्यावर मी काय बोलणार? मला येणारं इंग्रजी म्हणजे 'गाय एक उपयुक्त प्राणी आहे' इतपत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नळदुर्गला गेलात. हमरस्त्यावर आपटलेल्या गाड्या मोडून विकणारा एक भंगारवाला होता, सगळे त्याला मामू म्हणायचे. त्याच्याकडून दोन स्प्रिंगा आणि दोन शॉकअप पोत्यात घालून एसटीनं आणलेत. कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय हाय? तुम्ही म्हणालात, "गाडीचं गुडघं हायती, दोन्ही." तो म्हणाला, "मानसाचं गुडघं फुकट येत्यात, गाडीच्या गुडघ्याला तिकीट पडंल." हा किस्सा तुम्ही इतक्यांदा सांगितलात की शेवटी कंडक्टरचं वाक्य मीच आधी म्हणायला लागले होते. आता कुणी सुरुवातच करत नाही.

मामूनं एक गोष्ट बजावून सांगितली होती. "चेअरमनसाब, माल अस्सल है, पर जरा दबेला है. स्प्रिंगीच्या डोक्यावर चामड्याची चकती घाला. जुन्या मोटेचं चामडं, तेलात भिजवून. मक्खन सारखी बसेल गाडी." हे तुम्हीच घरी येऊन मला सांगितलंत आणि लगेच म्हणालात, "चामडं न्हाय घालायचं."

इथून आपला तो वाद सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. मी म्हटलं, चकती म्हणजे चकती, तिला काय जात असते? तुम्ही म्हणालात, न्हाय. मी म्हटलं, मामू रोज गाड्या मोडतो, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही म्हणालात, "आबानं धम्म घेतला त्या दिवशी सुरी आडात टाकली. त्याच्या आदी म्या आठ वर्सांचा होतो, मेल्या बैलाचा पाय धरून उभा ऱ्हायचो. ह्या हातानं पुन्यांदा चामडं धरायचं न्हाय म्हंजी न्हाय." मला तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. पण माझ्या जिभेला कुठं हाड आहे? मी म्हटलं, "मग पायातल्या चपला कशाच्या आहेत?"

तुम्ही खाली बघितलंत. चपला काढल्यात, उंबऱ्याबाहेर ठेवल्यात आणि अनवाणी कामाला लागलात. त्या आठवड्यात टायरच्या चपला आणल्यात. मरेपर्यंत त्याच घातल्यात. लग्नात, बैठकीत, पाहुण्यांत, सगळीकडं त्या काळ्या जाडजूड चपला. माझी लाज निघायची आणि वर त्या मीच तुम्हाला घालायला लावल्या होत्या.

माझं अजूनही म्हणणं आहे की चामडंच बरोबर होतं. ते दबलं असतं, बसलं असतं. पण माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत होते. आमच्या घरी मेलं ढोर ओढायची वेळ कुणावर आली नाही. हे तुम्ही एकदाही मला बोलून दाखवलं नाहीत. चपलांबद्दल मी बोलायला नको होतं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, ते आज सांगते.

तर चामडं नाही म्हणून टायर. ट्रकचा जुना टायर आणला, खडी फोडायच्या छिन्नीनं मी चकत्या कापल्या. दोन पाहिजे होत्या, एका बाजूला एक. मी चार कापल्या, दोन जादा, असाव्यात म्हणून. तापलेल्या दाभणानं प्रत्येकीवर अक्षर काढलं, दोनवर 'डा', दोनवर 'उ'. मास्तरणीची खोड, दुसरं काय.

कामाला बसलो तेव्हा बैठकीला दोन दिवस होते. जॅक निम्म्यातच दम सोडायचा. पण दगड रचणं हे आपल्या लोकांना कुणी शिकवायचं नाही. गाडीच्या पुढच्या अंगाखाली असा चौथरा रचला की वर देऊळ बांधावं. पुस्तकातलं चित्र मी अंगणात खडूनं मोठं करून काढलं. एकेक नट निघाला की तो सुपात ओळीनं ठेवायचा आणि त्याच्यासमोर खडूनं आकडा, असा माझा शिस्तीचा कारभार होता. दुपारपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. मोडकी स्प्रिंग हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "बघ, ह्यालाच सोलापूर लागत हुतं."

मग सोजराबाई आली. सोसायटीत सगळ्यांत जास्त खडी फोडणारी आणि सगळ्यांत जास्त बोलणारी. तिला दिसलं काय, तर सुपात कसलंतरी काळं काळं आणि त्यावर धूळ. साठ वर्षांची सवय. तिनं सूप उचललं आणि पाखडलं. चांगलं तीनदा. नट, बोल्ट, वायसर, सगळं एक झालं. माझ्या ओळी, माझे आकडे गेले कुठल्या कुठं. मी किंचाळले. ती घाबरून म्हणाली, "अगं, खडं काढावं म्हनलं!" तुम्ही गाडीखालून बाहेर आलात ते पोट धरून हसतच. तो दिवस नट जुळवण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी नवी स्प्रिंग दाबायची होती. पुस्तकात त्याला यंत्र दाखवलं होतं. आपल्याकडं होता घराचा जुना वासा आणि सात बाया. लिंबाच्या बुंध्याला वाश्याचं एक टोक अडकवलं, खाली सपाट दगडावर स्प्रिंग उभी केली आणि दुसऱ्या टोकावर सोजराबाईपासून सगळ्या ओळीनं बसल्या. तुम्ही दगड उचलायला पहार लावता तोच हिशेब. वासा खाली आला, स्प्रिंग दबली. आडाची साखळी मी तिच्या वेढ्यांतून ओवायला लागले. आड आटलेला, साखळी रिकामीच होती.

आणि कोणतीतरी बाई शिंकली म्हणून म्हणा, वासा हलला म्हणून म्हणा, स्प्रिंग सुटली. माझ्या कानाजवळून गेली ती थेट रांजणावर. रांजणाच्या ठिकऱ्या झाल्या. दोन दिवसांचं पाणी अंगणात सांडलं आणि त्या जमिनीनं ते डोळ्यांदेखत पिऊन टाकलं.

तुमचं तोंड मी तेव्हा बघितलं. बाजारातून गाडी आणताना ज्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती, तो पांढराफटक पडला होता. तुम्ही माझं डोकं दोन्ही हातांत धरून कान आहे का बघितलंत, सगळ्यांसमोर. आणि म्हणालात, "बास. न्हाय करायचं. एसटीनं जाईन, पायी जाईन. बास झालं." तुम्ही सोडून द्यायला निघालात, हे मी पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं. ही गोष्ट तुम्ही कुणाला सांगितली नाहीत. मीही नाही. तुम्ही घाबरला होता, माझ्यासाठी. ते मला किती गोड लागलं, हे काय सांगायचं! पण माझ्यासमोर ती अकरा पोरांची हजेरी होती. मी म्हटलं, "बसा गं पुन्हा वाश्यावर. आणि ज्यांना शिंक येतेय त्यांनी आधी शिंकून घ्या." दुसऱ्या खेपेला साखळी बसली.

आता चूक सांगते.

दोन्ही स्प्रिंगा साखळीनं बांधून जागेवर उभ्या केल्या होत्या, डोक्यावर एकेक चकती. तेवढ्यात टँकर आला. भोंगा ऐकू आला आणि अंगण क्षणात रिकामं झालं. बाया घागरी घेऊन पळाल्या, रांजण फुटला म्हणून तुम्हीही हंडा घेऊन पळालात. मी एकटी गाडीपाशी उरले. वाकून बघितलं तर चकतीच्या वर मोकळी फट. चांगला अंगठा जाईल एवढी. माझ्या आजोळी छकडा होता. आजोबा म्हणायचे, चाकात खेळ राहिला की गाडी गेली. आख आणि चाकाचा तुंबा यांच्यात बोट शिरता कामा नये. मी म्हटलं, एवढी फट राहिली तर उद्या वाटेतच सगळं खिळखिळं होणार. जादाच्या दोन चकत्या उचलल्या आणि दोन्हीकडं ठोकून बसवल्या. फट बुजली. मला केवढं समाधान वाटलं!

स्प्रिंग साखळीनं दाबलेली असताना ती फट असणारच, साखळी सुटून गाडीचं ओझं आलं की ती आपोआप मिटणार, हे मला कळलं नाही. छकड्याचं गणित मी मोटारीला लावलं.

तुम्ही हंडा घेऊन आलात, सगळं आवळलं, साखळ्या काढल्या, चौथरा उतरवला. गाडी चाकांवर आली तोवर बायाही घागरी ठेवून परतल्या होत्या. मागची बाजू जमिनीवर आणि तोंड वर. बैलगाडी मागच्या ओझ्यानं उलाळ झाली की जशी जू उचलते, तशी. सोजराबाई म्हणाली, "अगं बया, ही तर आभाळाकडं बघायलीय. पाऊस कवा येतुया बघायली व्हय?"

मी जमिनीत शिरायची तेवढी राहिले होते. बैठक दुसऱ्या दिवशी. पुन्हा उघडायचं तर वासा, बाया, साखळी, सगळं पहिल्यापासून. तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत. पुढं वाकून बघितलंत. मग माझ्याकडं बघितलंत. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "असू द्या. म्या मुद्दाम ठिवलंय."

हात आपण राखेनं धुतले. पाणी पिण्यापुरतंच होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला आपण उस्मानाबादेत होतो. वाटेत गाडी एकदाही आदळली नाही, घासली नाही. ठेकेदारांच्या जिपांच्या रांगेत आपली फियाट नाक वर करून उभी राहिली तेव्हा दारावरचा शिपाई म्हणाला, "हे काय इमान हाय का? उडायलंय का काय?" तुम्ही म्हणालात, "व्हय. उतरायला जागा दाव." आणि टायरच्या चपला वाजवत जिना चढलात. त्या उन्हाळ्यात साठ माणसांना तलावाचं काम मिळालं. बाहेर पडलेली घरं परत आली. माझ्या वर्गात जूनला अडतीस पोरं बसली.

त्यानंतर मी तुमच्या मागं लागले, नाक खाली आणा म्हणून. किती भांडलो आपण त्यावरून! पुढचे टायर एका कडेनं झिजतात, म्हणून भांडले. दिव्याचा उजेड रस्त्यावर पडायचा सोडून लिंबाच्या शेंड्यावर पडतो, म्हणून भांडले. तुम्ही आपले एकच, "न्हाय." मला वाटायचं, काय हा माणसाचा ताठा! एकदा मुद्दाम म्हणून बसला, आता मागं येता येईना. मनातून मला ती चूक पुसायची होती, दुसरं काही नाही. गाडी दारात उभी असली की ती सगळ्या गावाला माझंच नाव सांगतेय असं वाटायचं.

मला गाडी शिकवलीत तीही गावावरच्या कोरड्या तलावात. पाणी नव्हतं म्हणून एवढं मोठं मैदान फुकट मिळालं होतं. मी ठेंगणी, त्यात गाडीचं नाक वर. मला समोरचं काही दिसेना. तुम्ही घरातल्या दोन उशा आणून माझ्याखाली घातल्यात. तरी मी कुरकुरले, "जवळचं दिसत नाही." तुम्ही म्हणालात, "लांबचं बघ. जवळचं बघायला बैल बरं." मी चिडून गाडी तशीच दामटली आणि तुम्ही दाराला धरून हसत होता. तलावाच्या तळाच्या भेगांवरून सुद्धा गाडी कशी अलगद गेली, ते मला अजून आठवतं. चूक असो की काही असो, काम आपण पक्कं केलं होतं.

आता हे का लिहितेय ते सांगते. तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी रघू मेस्त्री आला. म्हातारा झालाय आता, डोळ्याला कमी दिसतं. ओट्यावर बसला, चहा घेतला. त्या दिवसासारखी बशीही मी आठवणीनं दिली. गाडीकडं बघत म्हणाला, "बाई, मी एकदा लई वंगाळ बोललो हुतो चेअरमनला. त्येची आठवण ठिवू नगा. गाडी माझ्याकडं धाडा. नाक खाली आणून देतो, अर्ध्या तासाचं काम. पैसा घेत न्हाय."

सात वर्षं मला हवं होतं ते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो स्वतःशीच हसला. "आवं, म्या एकदा उघडली हुती की ती. तीनचार वर्सं झाली. टायर झिजत्यात म्हनून चेअरमननंच आनली. खोलली तर वर दोन-दोन चकत्या. मी म्हनलो, चेअरमन, ह्या वरच्या दोन उगंच घातल्यात, काढून फेकतो, गाडी सरळ. त्येनी एक चकती हातात घेतली. त्येच्यावर अक्षर हुतं. लई वेळ बघत बसलं. आन म्हनलं, मेस्त्री, हे मास्तरणीचं अक्षर हाय. जशी हुती तशी बशीव. आन हिकडं आलतो म्हनून घरी बोलू नगंस."

मी आत गेले. चुलीपुढं बसले आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. पुण्यानुमोदन आठव्या दिवशी होतं, तोवर माझं रडून झालं होतं. म्हणूनच मांडवात हसू आलं.

माहीत होतं तुम्हाला! आणि तरी दर वेळी मी भांडायला लागले की तोंडावर माशी हलत नव्हती. मी म्हणायचे, ताठा सोडा, आणि तुम्ही निमूट ऐकून घ्यायचात, ताठ्याचा आळ स्वतःवर घेऊन. चार वर्षांपूर्वी कळलं तुम्हाला, की त्या दिवशी अंगणातच, चक्कर मारून माझ्याकडं बघितलंत तेव्हाच? हे आता कुणाला विचारू? एक रागही येतो. सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? दोघं मिळून हसलो असतो. पण मी तरी कुठं सांगितलं? मी केलेलं तुमच्यापासून लपवलं, तुम्ही कळलेलं माझ्यापासून. फिटंफाट झाली. तरी हरल्यासारखं मला वाटतंय ते वाटतंयच.

मेस्त्री वाट बघत होता. डोळे पुसून बाहेर आले आणि म्हटलं, "नको मेस्त्री. गाडी आहे तशीच राहील." तो म्हणाला, "बाई, टायर खाईल." म्हटलं, "खाऊ दे."

तुमचे धाकटे भाऊ म्हणतात, गाडी विकून टाकू, आता चालवणार कोण? सोसायटीतले दोघंतिघं म्हणतात, बैठकीला यंदा कुणी गेलं नाही तरी साहेब समजून घेतील, चेअरमनच गेलेत म्हटल्यावर. मला या समजून घेण्याची भीती वाटते. यंदाही पाऊस नाही. आडाची साखळी पुन्हा रिकामी आहे. माझ्या वर्गातली पोरं पुन्हा कमी व्हायला लागलीत. बैठक उद्या अकराला आहे. सोसायटीच्या कागदांवर सही करायला सोजराबाई आहे, ती आता कमिटीवर आहे, अंगठा सोडून सही करते. मी तिला सही शिकवलीय आणि तुम्ही मला गाडी. मी रजा टाकलीय.

आज दुपारी गाडी पुसली. दोन्ही उशा बाहेर काढल्या, खोळी बदलल्या. सोजराबाई येऊन बघून गेली. म्हणाली, "बाई, तुला फुडचं दिसतंय का पर?" मी म्हटलं, "जवळचं नाही दिसत."

तुमच्या टायरच्या चपला अजून उंबऱ्याबाहेर आहेत. मला मोठ्या होतात, पण उद्या त्याच घालून क्लच दाबणार आहे. सकाळी सात वाजता निघेन. तालुक्यावरून वळसा पडतो, तरी बाजारातूनच जाणार आहे, बैलाच्या चालीनं, आणि ओळखीचा दिसेल त्याला हात वर करणार आहे.